खारं पाणी, अक्कलकोट रोड

समुद्र इथं पोत्यातून येतो.
शिवण तोडायची, बोअरच्या पाण्यात ओतायचं,
मीटर बुडवून बघायचं: हजारात अठरा भाग.
तेवढ्यावर जिताडे राजी असतात.
बाहेर मे महिना, पत्रा तापलेला,
आणि बाजारात कुणाला पटत नाही
की टॉवेलच्या बंद पडलेल्या शेडमध्ये
चार हजार तोंडं एकदम वर येतात
खाद्याचा डबा वाजला की.

मासा खातो, मासा हगतो.
पुढचं सगळं माझ्या वहीत आहे:
अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट.
हे काम करणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत.
गोड्या पाण्यातून आणलेले,
मीठ एकदम वाढवलं की संपावर जातात.
म्हणून रोज चिमूट चिमूट. सात आठवडे.
"पुण्याच्या जावयाला शेंगा चटणीची
सवय लावावी तसं की ओ,"
इरय्या कोंडा म्हणाले.

इरय्या आधी डाइंगला होते.
रंग सुताला धरावा म्हणून मिठाची पोतीच्या पोती,
मग ते पाणी, लाल, निळं, नाल्यात.
"पुढं कुठं गेलं?" मी एकदा विचारलं.
त्यांनी तंबाखू झटकली.
"खाली."
आमच्या बोअरचं पाणी
पोतं फोडायच्या आधीच जरा खारट लागतं.

गुरुवारी रात्री पाणी गढूळ आलं.
मेम्ब्रेनचा गठ्ठा वर काढला,
ओला, बुळबुळीत, हजारभर पोकळ दोरे.
मी पुस्तिकेत पान शोधत होते.
इरय्यांनी गठ्ठा पाण्यात धरला,
मला हवा सोडायला लावली
आणि बुडबुड्यांच्या मागे बोट नेत गेले,
ताण्यात तुटलेला धागा शोधावा तसे.
"हा बघा. दम सोडलालाय."
दोन्ही टोकांना गाठ.
मागावरचीच,
कापडात उठून न दिसणारी.

पहाटे काचेच्या नळीत पाणी धरलं.
पलीकडे त्यांचा चष्मा, त्याची मोडकी दांडी,
दांडीला गुंडाळलेलं सूत, सगळं स्वच्छ.
मी नको म्हणेपर्यंत त्यांनी बोट बुडवून चाखलं.
"खारटच की!"
चेहरा असा, जणू रात्र फुकट गेली.
"मीठ कसं अडेल? ते भोकांहून बारीक.
ते जायचंच नाही, इरय्या.
तेच परत टाकीत न्यायचं."
"म्हणजे नाल्यात नाही?"
"नाही."

ते काही बोलले नाहीत.
बोट पँटला पुसलं,
दोन व्हॉल्व्हसमोर उगाच थोडे थांबले,
आणि डावीकडचा उघडला.