मधल्या रांगेतला

कोरसमध्ये आम्ही पंधरा. पाच-पाचच्या तीन रांगा.
ज्यांचे पाय ठेक्याला चुकतात
त्यांना मधल्या रांगेत दडवतात.
मी सहा वर्षं मधल्या रांगेत होतो.

आमच्या थोरिकोसचं नाट्यगृहही तसलंच, वेडंवाकडं,
डोंगराने दिली तेवढ्या जागेत पसरलेलं,
काठाला चेपलेल्या परातीसारखं.
शेजारी चांदीच्या खाणीचं तोंड. नाटक चालू असताना
वारा पडला की आतले हातोडे ऐकू येत.

आजोबा सांगायचे, आधी इथे खळं होतं.
मळणी संपली की तिवड्याभोवती
बैलांच्या जागी माणसं फिरायची,
तोंडाला द्राक्षांचा चोथा फासून,
देवाच्या नावाने, बोकडाच्या वासात.
मग एक दिवस कुणीतरी रिंगणातून बाहेर पडला
आणि वळून रिंगणाला उत्तर दिलं.
कोण, ते आजोबांना ठाऊक नव्हतं.
"उद्धट असणार," एवढंच म्हणायचे.
"पण तो नसता तर अजून गोलगोल फिरत असतो."

मागे कपडे बदलायला तंबू होता, त्याची लाकडी भिंत झाली.
भिंतीला दार. खून दाराआड होतात.
आमच्या वाट्याला फक्त किंकाळी,
आणि ती ऐकून काय वाटलं ते गायचं.
मग चाकांच्या फळीवरून प्रेत बाहेर येतं.
चाकांना तेल घालायचं काम फानोदिकोसचं. एकदा विसरला.
मेलेली राणी कुरकुरत बाहेर आली
आणि वरच्या पायरीवरून कुणीतरी ओरडलं,
"अजून धुगधुगी आहे रे!"

त्या वर्षी आम्ही लुटलेल्या शहराच्या बायका होतो.
अर्खेदामोसने चिंध्या सरसात बुडवून
एकाच साच्यात पंधरा चेहरे काढले:
भुवया वर, तोंड उघडं.
आत सरसाचा दर्प, आपल्याच श्वासाची वाफ,
डोळ्यांच्या भोकांतून पुढच्याची पाठ.
मी खाणीवरचा मुकादम. हाताखाली चाळीस माणसं,
सगळी विकत घेतलेली.
दिवसभर शिव्या देणारा हा गळा
त्या दुपारी विचारत होता,
आमच्या उंबऱ्यावर आता कुणाची पावलं,
आमच्या जात्यावर कुणाचं दळण.
लोक रडले. मीही रडलो,
मुखवट्याच्या आत, जिथे ते कुणाच्या हिशेबात धरलं जात नाही.

लगेच शेपट्या बांधून, जनावराचे कान लावून
आम्ही धिंगाणा घातला. तशी रीतच आहे.
रडलेल्या माणसाला तसंच घरी पाठवू नये.

संध्याकाळी दिझास पाणी घेऊन आला.
थ्रेसचा. वरच्या कड्यावरून त्याने सगळं पाहिलं होतं.
घडा खाली न ठेवताच, मोडक्या ग्रीकमध्ये म्हणाला,
"ते तिसरं कडवं. त्या दिवशी आमच्या गावात
बायका असं ओरडल्या नव्हत्या.
कुणीच ओरडलं नव्हतं.
कोंबड्या तेवढ्या ओरडत होत्या."

मी घडा घेतला.
पुढे काय म्हणायचं
ते मला कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

मुखवटे रिवाजाप्रमाणे देवळात टांगले.
समुद्राकडून वारा आला की त्या पंधरा तोंडांतून
बारीक घोंघावतं काहीतरी.
त्यातलं माझं कुठलं, ओळखू येत नाही.

सकाळी दिझासला मी पुन्हा खाली धाडलं.
थोड्या वेळाने हातोडे सुरू झाले.
त्यांचा ठेका मात्र चुकत नाही.