सां जुझेचा अंगठा

माळ्यावरून खोका काढला
तर पिंजर गेल्या वर्षीचंच,
उंदरानं एका कोपऱ्यात संसार थाटलेला.
मरीया, तीन राजे, एका कानाचा बैल,
आणि पेपरात गुंडाळलेला सां जुझे,
उजवा हात मनगटापासून नाही.
शेजारी पुडी. पुडीत हाताचा चुरा.
वर कैतानचं अक्षर, पेन्सिलीनं:
पुढच्या वर्षी बघू.

आगमनकाळाचा पहिला रविवार.
जांभळं कापड मीच इस्त्री केलं.
साक्रिस्तीच्या चाव्या आता माझ्या कमरेला,
चालताना वाजतात, सवय नाही अजून.

फादर चौरप्पा रायचूरकडचे.
मराठी वाचन कन्नड अक्षरांत उतरवून घेतात.
‘चांदणी’तला च त्यांच्या जिभेवर बसत नाही,
च्यांदणी म्हणतात,
पोरं बाकाखाली वाकून हसतात.
मी तरी कन्नडातली प्रार्थना म्हणताना
कुठं थांबायचं ते विसरतेच की.

गायनमंडळाचं भांडण ते वेगळंच:
मध्यरात्रीच्या मिस्साला ग्लोरिया कुठल्या भाषेत?
आज्यापासून कोंकणीत, म्हणाली मोन्सेरातबाई.
खालची गल्ली मराठीवर अडून,
हायस्कूलच्या पोरी कन्नडात बसवूनच आलेल्या.
रात्री दहापर्यंत चाललं.
शेवटी पेटीवाल्या फिलसूचा घसा धरला
आणि सराव पुढं गेला.

तिसऱ्या रविवारला गुलाबी मेणबत्ती लागते.
बेळगावात खडेबाजार पालथा घातला:
पांढऱ्या, लाल, वाढदिवसाच्या आकड्यांच्या.
गुलाबी नाही.
नातवाचा मेणखडू वितळवून फासला पांढरीवर.
उपदेशभर देवळात
शाळेच्या दप्तराचा वास.

सोमवारी सां जुझेला पिशवीत घालून
खानापूरला, सटुप्पा कुंभाराकडं.
त्यानं चुरा बोटांत चोळला.
‘ही माती आमच्याकडची न्हवं.
जुळायची नाही. नवाच करूया की.
मुठीत काय होतं? काठी का कंदील?’
तीस वर्षं बघितलेला हात,
आणि मला आठवेना.
आठवणारा
फेब्रुवारीत गेला.

सटुप्पानं स्वतःचाच हात समोर धरला
आणि त्याच्याकडं बघत बघत माती वळली.
चाकानं वाकवलेला, मागं कलंडलेला अंगठा
तसाच उतरला.
‘तुमचा ह्यो देव सुतार न्हवं?’
देव नव्हे, म्हणणार होते.
‘सुतार,’ म्हटलं.
‘मग घट्टे पायजेत.’
काडीच्या टोकानं दोन घट्टे उठवले.
पैसे विचारले तर म्हणाला, नेवऱ्या धाडा.

आठवड्यानं भट्टीतून आला हात, विटेसारखा लाल.
जुझे वरपासून फिकट, त्याला हा एकच हात
उन्हातून आल्यासारखा.
रंग द्यायचा होता. नेवऱ्यांच्या घाईत राहिला.

चोवीसला रात्री धुकं उतरलं.
उसाचे ट्रॅक्टर फाट्यावर थांबले, दिवे लावून.
मडगावच्या गाडीतून पोरं उतरली,
कानटोप्या, बॅगा, कुणी अंगानं सुटलेलं,
कुणी आईशीही न बोलणारं.
चार आठवड्यांनी ग्लोरिया उठला,
कोंकणीत सुरू झाला, मधे कुठंतरी मराठी झाला,
कन्नडात संपला का ते मला कळलं नाही,
मी घंटेच्या दोराला लोंबकळत होते
आणि दोर कैतानच्या उंचीचा.

फादरनी बाळ गव्हाणीत ठेवलं.
च्यांदणी म्हणाले. एक पोरगं हसलंच.
गोठ्याजवळ म्हातारी पासकू वाकली,
लाल हाताला बोट लावून ओठांना लावलं,
काही विचारलं नाही.

राजांच्या सणानंतर खोका बांधला.
पिंजर बदललं, उंदराला हाकललं.
झाडताना तळाशी काहीतरी टचकन लागलं:
बैलाचा कान.
पुडीचा कागद होताच. चुरा कुंडीत ओतला,
कान त्यात गुंडाळला,
अक्षर वर येईल अशी घडी घातली.