दुसरा हात

आलेवाहीच्या फलाटावर तेव्हा एकच बाक होता,
सागवानी, एक पाय विटेवर टेकलेला.
मंडईच्या दिवसांत त्यावर उरकुडा नन्नावरे बसायचा
छोट्या गाडीची वाट बघत,
तबल्याची पिशवी मांडीत, लेकरू घ्यावं तशी.

तुम्ही नाव ऐकलं नसेल. झाडीपट्टीत मात्र
हँडबिलावर त्याला नायिकेच्या वर छापायचे.
धान घरात आलं, शंकरपट उरकला,
की बैलबंड्या भरून माणसं यायची वीस-वीस मैलांवरून.
नाटक कोणतं हे कुणी विचारत नसे.
"उरकुडा हाय ना?" एवढंच.
आणि पहाटे तीनला, पेटी थकल्यावर,
तो काढायचा त्याचा तो लंगडा दादरा:
पाचव्या मात्रेवर किंचित मागे राहणारा,
ओढ्यात पाय घालावा की नको
म्हणून बैल थांबतो, तसा.
शिट्ट्या पडत. सदऱ्याला नोटा टाचल्या जात.

मी तारबाबू. ऐकायचं आणि लिहायचं, हे माझं काम.
त्या दुपारी यंत्र कटकटत होतं,
मूलची मालगाडी, सिंदेवाहीला अडकलेली कुठलीशी वाघीण,
आणि खिडकीबाहेरून आवाज आला,
"बाबू, आज वडसाले दुसराच हात बसला हाय."
मी हसलो. मग लाईनवर विचारलं.
खरंच. बारापात्रे रजेवर होता.

"तुम्हाला तार येते?"
तो पिशवीची गाठ सोडत-बांधत राहिला.
"येत नाही जी. आयकू येते."

बाकीचं कळायला चार हिवाळे गेले.
एकदा गाडी पाच तास उशिरा होती, आणि बिड्या माझ्याकडे होत्या.

लढाईत तो आसामच्या डोंगरात होता, दोन पावसाळे.
गावाला ठाऊक होतं, पलटणीत भांडी घासली.
सरकारी कागदावरही तेच: मसालची.
एका रात्री साहेबाने त्याला तेलाचा डबा वाजवताना ऐकलं,
बांबूच्या झोपडीत नेलं, कानाला यंत्र लावलं.
शत्रूची भाषा. एक अक्षर कळेना.
कळायला नकोच होतं.
कोण वाजवतो, एवढं सांग.

त्याने अकरा हात ओळखले. नावं ठेवली:
कोंबडा. सासू. तापवाला.
आणि लंगडा, जो पाचव्या ठोक्याला मागे राहायचा.
दिशा दुसरं यंत्र सांगे, हात उरकुडा सांगे,
आणि लंगडा जाई तिथे त्याची अख्खी पलटण जाई.
एका रात्री तो नदीच्या अलीकडे वाजला.
उरकुडाने बोट वर केलं.
साहेबाने नकाशावर टाचणी टोचली.
सकाळी विमानं गेली.

"मंग दहाच हात रायले, बाबू."

बिडी त्याने विटेवर विझवली.
कागदावर अंगठा दिला होता, म्हणाला, शपथेचा.
"बायकोलेबी नाही सांगतलो."

पुढे नागपूरला सत्कार झाला. शाल, नारळ, मोठाली माणसं.
कुणीतरी विचारलं, उस्ताद, हा ठेका कोणत्या घराण्याचा?
"पावन्याचा," तो म्हणाला.
सभागृह हसलं. मी मागच्या रांगेत होतो,
माझ्या शेजारचा तर टाळ्या वाजवत उठलाच.

चैत्रात तो गेला.
मंडळाचा मॅनेजर अनवाणी धावत आला स्टेशनात,
सगळ्या लाईनीला कळवा म्हणाला.
मी किल्लीवर हात ठेवला.
नाव. गाव. वेळ.
आणखी एक ओळ मला येत होती,
ती फॉर्मवर नव्हती.
पाठवली नाही.

लाईन क्षणभर गप्प राहिली.
मग वडसाहून बारापात्रेने विचारलं,
आलेवाहीला आज कोण बसलंय?