काठावर

डॉक्टर म्हणाले, चार हजार हर्ट्झच्या वर
तुमच्या डाव्या कानात काही उरलेलं नाही.
तेरा वर्षं इंजिनरूममध्ये काढली, त्याची ही ग्रॅच्युइटी.
म्हणून आता अंमळनेरात बसतो,
बोरीच्या पुलापासून तिसऱ्या गल्लीत, जिन्यावरच्या खोलीत,
आणि अकरा जहाजांची इंजिनं
डोळ्यांनी ऐकतो.

खाली सुपडू मिस्तरींचं दुकान.
ऑइल इंजिन आता कोणी आणत नाही,
सगळ्या विहिरींवर मोटरी बसल्या.
एक जुनं हिरवं इंजिन ते स्वतःसाठीच चालू करतात,
स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर, मूठ कानाला,
डोळे मिटून.
"आठे बशीसन तुले काय ऐकू येस रे?"

मी त्यांना सेलेस्ता दाखवली.
मादागास्करच्या पूर्वेला, पोटात कोळसा.
सहा सिलिंडर. पाच एका रेषेत,
चौथा अडतीस अंशांनी वर, फणफणलेला.
तेल रोज दीड टन जास्त.
डिसेंबरअखेर तिला अक्षर मिळणार, ए पासून ई पर्यंत,
आणि डी लागोपाठ तीनदा आला
की लिहून द्यायचं, कसं सुधारणार ते.
पालकांच्या सहीसकट, म्हटलं तरी चालेल.

सिंगापूरहून मेल: वेग कमी करा, अक्षर आपोआप सुधारेल.
जहाजावरून सेकंड इंजिनियर कुरियाकोस:
सेन्सर गेलाय, इंजिन ठणठणीत.
खोटं बोलत नव्हता तो. दमला होता.
पहाटे चारच्या वॉचला मीही
कितीदा सेन्सरवर ढकलून चहा घेतलाय.

मिस्तरींनी पडद्याकडे पाहिलंच नाही.
"धूर कसा शे?"

धूर.
माझ्यापुढे एकशे चाळीस रकाने,
धुराला एकही नाही.

जहाजावरच्या सगळ्यात लहान इंजिनियरला लिहिलं,
वर जा, डेकवरून चिमणीकडे बघ.
सर, रात्र आहे.
मग उजाडल्यावर बघ.
त्या रात्री इकडे लाइट गेली,
इन्व्हर्टर एकदा कण्हला आणि गप्प झाला.
हिशोब कार्बनचा लागतो कुठल्याशा थंड गावात;
माझ्या जिन्याचा लोखंडी कठडा
अकरा वाजताही हाताला चटका देत होता.

सकाळी एका शब्दाचं उत्तर आलं.
काळा.

डर्बनच्या नांगरवाड्यात इंजेक्टर बदलला.
नोझलची भोकं झिजून मोठी झाली होती,
तेल फवारत नव्हतं, थुंकत होतं.
चौथी रेषा दोन तासांत खाली उतरली
आणि पाचांमध्ये अशी मिसळली
की कुठली ती, मलाही सांगता येईना.
कुरियाकोसने फक्त अंगठा पाठवला.

मिस्तरींना सांगितलं, दीड टन तेल वाचलं
म्हणजे साडेचार टनांहून जास्त कार्बन कमी.
ते हातातला पाना ठेवून थांबले.
"एक क्विंटलमाईन तीन क्विंटल?
जिनिंगमा तर उलटं व्हस रे भो."
खरंच, इथे क्विंटलभर कापूस घातला
की पस्तीस किलो रुई हाती लागते, बाकी सरकी.
उरलेलं वजन हवेतून येतं, मी म्हटलं,
जळताना तेल हवा खातं.
"कोनी हवा?" त्यांनी विचारलं, कोणाची,
आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा पाना उचलला.

जानेवारीत अक्षर आलं. सी. जेमतेम.
तोवर सेलेस्ताच्या पोटात पुन्हा कोळसा भरला होता,
वेगळ्या बंदरासाठी.
"पास व्हयनं का तुनं जहाज?"
काठावर, मी म्हणालो.
पुलाखाली बोरी कोरडी होती,
वाळूत कोणाची तरी म्हैस बसलेली.

मग ते आपलं हिरवं इंजिन चालू करायला गेले.
मी स्क्रूड्रायव्हर मागून घेतला,
उजव्या कानाला लावला.
बराच वेळ नुसती धडधड.
तिच्या खाली काहीतरी बारीक घासत होतं,
किंवा तो माझाच कान असेल.
मिस्तरींना विचारलं नाही.