समुद्रसपाटी

राग्नवीच्या आजोबांनी होडीघर बांधलं
तेव्हा दारातूनच होडी पाण्यात उतरायची.
वडलांनी ते ओंडक्यांवरून सरकवत नेलं
पंचवीस पावलं खाली.
तिनं आणखी तीस.
आता उंबऱ्यापासून लाटेपर्यंत
भूर्जांचं कोवळं रान, मध्ये एक डबकं,
डबक्यात अंगठ्याएवढे चार मासे,
ज्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही
की समुद्र निघून गेला.

समुद्र गेला नाही, सिक्स्टेन म्हणतो.
(नातू. वासाला भरतीमापकाच्या खोलीत नोकरीला.)
जमीन उठतेय, आजी.
हिच्या छातीवर बर्फ बसला होता, कोसभर जाड.
तो कधीचाच उठून गेला
आणि ही अजून फुगतेय,
वर्षाला नखभर.

राग्नवी जाळ्याची गाठ दातांनी ओढते.
"दहा हजार वर्षं पुरला म्हणजे एक सुस्कारा.
तुझे आजोबा गेल्यानंतरचा माझा
तर बाराच वर्षांचा आहे."

तो वहीत समुद्र काढतो, वाकडा.
सपाटी नुसती म्हणायची, आजी, सपाट काही नसतं.
आपलं पाणी अळणी,
किती नद्या येऊन मिळतात बघ;
अळणी ते हलकं, हलकं ते वर,
डेन्मार्कच्या खाऱ्या दारापेक्षा वीतभर तरी उंच.
नैऋत्येचा वारा धरून बसला की अजून हातभर.
पनामाला जमिनीची एक चिंचोळी पट्टी,
तिच्या एका अंगाचा समुद्र
दुसऱ्या अंगाच्या समुद्राहून चढा.
आणि ग्रीनलंडचा बर्फ एवढा जड
की पाण्याला स्वतःकडे ओढून धरतो.
तो वितळला की त्याच्याच पायथ्याचं पाणी उतरतं,
चढतं भलत्याच कुणाच्या अंगणात.

"कुणाच्या?"

पेन्सिल थांबते.
लांबच्या, म्हणतो.
बर्फ न पाहिलेल्या लोकांच्या.

संध्याकाळी ती खडकापाशी गेली.
आजोबांनी ठोकलेली लोखंडी कडी,
होडी बांधायची, लाटेच्या ओठाशी ठोकलेली,
आता तिच्या कमरेला लागते.
तिनं कडी थोडी हलवली. गंज हाताला आला.
हे आपल्याला मिळतंय, तिला वाटलं,
आणि कुणीतरी ते देत नाहीये, त्याच्याकडून जातंय.
पुढचा विचार तिला जमला नाही.
थंडी होती. ती परतली.

शुक्रवारी गावाची सभा:
वर आलेल्या जमिनीची वाटणी.
आल्गोतशी तिचं सतरा वर्षांचं भांडण
याच पट्ट्यावरून, जो तेव्हा पाण्याखाली होता.
"तुझा हिस्सा कुठवर?" अध्यक्षांनी विचारलं.
"मोजा," ती म्हणाली,
"पण कुठून मोजायचं ते आधी ठरवा."

सगळे हसले. मग कुणीच हसेना.
शेवटी आल्गोतनं बूट काढले,
टेपचं एक टोक धरून काठाशी जाऊन उभा राहिला.
वारा पडला होता.
त्या दिवशी पाणी
कालच्यापेक्षा तीन बोटं मागे होतं.