प्रेरणा : शंभर शब्दांत

अर्ज निळ्या कागदाचा.
रचनेचं नाव, वाद्यं, मिनिटं,
आणि तळाला आखलेल्या आठ ओळी : प्रेरणा, शंभर शब्दांत.
ग्राविते बाई म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत.
पत्रिका छापायला जायची आहे.

मी लिहिलं, समुद्र.
लिएपायात समुद्र लिहिला की कुणी पुढे विचारत नाही.
एवियानंही समुद्रच लिहिला, मागच्या वर्षीच्या दोघांनीही.
बिचारा सगळ्यांचं ओझं वाहतो,
आणि स्वतःला एक सूर धड धरता येत नाही.

खरं सांगायचं तर
पहिली रचना वसतिगृहातल्या फ्रिजची.
रात्री अडीचला तो थरथरून बंद पडतो,
तेव्हा कळतं, इतका वेळ काहीतरी वाजत होतं.
त्या बंद पडण्याला मी पियानो दिला.
क्लॅरिनेटला म्हटलं,
तू होतास हे आधी कुणाला कळू देऊ नकोस.

दुसरी, तीन चेलोंची, आईच्या कारखान्यातली.
डोकं-शेपूट, डोकं-शेपूट,
बायका डब्यात मासे लावतात. तोंडं मिटलेली, बोटं बोलतात.
एका उन्हाळ्यात मीही उभी राहिले शेजारी.
माझा एक डबा भरेपर्यंत तिचे तीन.
जो चेलो सारखा मागे पडतो, ती मी.
बाईंनी तिथं लाल पेन्सिलीनं लिहिलं : विलंबाचा प्रयोग धाडसी.
केसांना सहा आठवडे धुराचा वास होता,
तो काही पाच रेघांत मावला नाही.

आणि तिसरी.

तिसरीचं मी घरी या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही.
बाबांनी एकवीस वर्षं गोदीत जहाजांचे पत्रे ठोकले.
आता दोन्ही कानांत बदामाएवढी यंत्रं.
जांभई दिली, टोपी घातली, मला मिठी मारली
की डावं यंत्र शीळ घालतं. केसासारखी बारीक,
पियानोच्या उजव्या टोकाला
धूळ खात पडलेल्या पट्टीची.
त्यांना ती ऐकू येत नाही.
आई टेबलाखालून पाय मारते,
मग ते कानाशी बोट नेतात, माफी मागितल्यासारखं.

तिथूनच सुरू केली.
पहिलं व्हायोलिन, तारेवर नुसतं बोट टेकवून,
एकटं, अकरा सेकंद.
मग बाकीचे तिघे, जपून,
मिठीत शिरावं तसे.

मे महिन्यातली संध्याकाळ. बाबा लग्नातल्या कोटात, तिसऱ्या रांगेत.
ओस्वाल्ड्सनं गज उचलला.
आणि गज तारेला लागायच्या आत
तिसऱ्या रांगेतून तोच सूर आला.
तोच. तसूभरही खाली नाही.

माना वळल्या. आईचा पाय.
बाबांनी दोन्ही यंत्रं काढली, रुमालात गुंडाळली, खिशात घातली,
आणि नऊ मिनिटं, ओशाळून, ताठ,
गजांचं वर जाणं, खाली येणं
बघत राहिले.

(ओस्वाल्ड्स नंतर म्हणाला, बरं झालं,
कुणीतरी सूर दिला.)

ट्रामच्या थांब्यावर बाबा, गरजेपेक्षा मोठ्यानं :
"मी बिघडवलं का गं तुझं?"
मी मान हलवली. मिठी मारली.
शीळ आली नाही,
यंत्रं अजून खिशातच होती.

त्यांनी पत्रिका उलगडली,
माझ्या नावाखालच्या ओळीवर बोट ठेवलं.
"समुद्र," म्हणाले,
"दिसला मला."