पासष्टच्या पुढे

हे यंत्र पासष्टपर्यंतच मोजतं.
पुढे आकडा नाही, नुसतं 'जास्त' असं उमटतं,
आणि आज सकाळपासून
अकरांतली सात मुलं 'जास्त' आहेत.

कासुबाची लुसे तीन वर्षांची.
सुईला रडली नाही.
वाकताना खुर्ची मागे घ्यावी लागते मला हल्ली,
पाचवा महिना.
बोट माझ्या हातात देऊन ती
खिडकीबाहेरच्या काळ्या डोंगराकडे बघत राहिली.
डोंगर कसला, खाणीची मळी.
काब्वेची खाण बंद झाली तेव्हा मी पहिलीत होते.
डोंगर तसाच राहिला, घसरगुंडीला बरा.

"दिवसातून दोनदा अंगण झाडते," कासुबा म्हणते,
"पाणी शिंपडून. मग कुठून, सिस्टर?"

शिसं दार फोडत नाही.
कॅल्शियमचे कपडे घालून येतं,
कॅल्शियमसारखीच कडी वाजवतं,
आणि पेशी, बिचारी, ओळखीचं माणूस म्हणून
आत घेते, बसायला देते.
मग ते जस्ताला पाटावरून उठवतं,
रक्ताचा लाल रंग शिजतो
ती चूल विझवतं.
मेंदूत एक पेशी दुसरीला काही सांगू जाते
तर मध्येच हे बोलतं.
लुसेला पाच शब्द येतात.
त्यातला एक 'बॉल'.

"तू इथं कधीपासून?"
"इथलीच. त्या आंब्याखाली मातीच्या भाकऱ्या केल्या,
खाल्ल्यासुद्धा."
ती हसते.
मी पेन खाली ठेवते.

ती भाकरी हाडीमाशी खिळली.
वीस वर्षं हाडांनी सांभाळली, ठेव म्हणून.
मग लुसे पोटात आली, तिला हाडं हवी होती,
आणि आईच्या हाडांनी
होतं नव्हतं ते काढून दिलं.
त्यात हेही गेलं.

हे सांगू नये असं कुठे लिहिलेलं नाही.
मी सांगत नाही.
"हात धुवत जा. नखं काप. अंडं दे, मिळालं तर."
ती चितेंगेत मुलीला पाठीशी बांधते,
गाठ सोडते, पुन्हा घट्ट मारते.
"अंडं," म्हणते, पाठ केल्यासारखं.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर
मी एक सुई फोडते.
माझं बोट जाड, दोनदा टोचावं लागतं.
यंत्र तीन मिनिटं घेतं.

बाहेर कोणीतरी पाणी शिंपडून
झाडतंय.